पहिली .२२ रायफल कोणती घ्यावी? बालेवाडी-बाणेरकडच्या नेमबाजांनो, सांगा

बाणेरबाबू:
नमस्कार मंडळी. वय चाळिशीच्या जरा अलीकडे, नोकरी आयटीत, पाठ अधूनमधून दुखते, चष्मा आहे. साधारण वर्षभर शनिवार-रविवार १० मीटर एअर रायफल मारतोय. पदकबिदक डोक्यात नाही. जिल्हा स्पर्धेत शेवटून पाचवा आलो तरी घरी पेढे वाटीन.

पण बाजूच्या ५० मीटर रेंजवर क्लबच्या .२२ वर (ही खऱ्या काडतुसाची, ५.६ मिमी गोळीची) थोड्या गोळ्या मारायला मिळाल्या आणि एअर रायफल एकदम अळणी वाटायला लागली. आता स्वतःची घ्यावी म्हणतो. समोर तीन पर्याय आहेत. ऑर्डनन्स फॅक्टरीची देशी .२२ स्पोर्टिंग रायफल नवी मिळेल. एका ओळखीच्या गृहस्थांकडे जुनी चेक बनावटीची सीझेड ४५२ आहे, ते विकायच्या बेतात आहेत. आणि क्लबमधले एक सर म्हणतात, थांब, कुणाची तरी वापरलेली अँशुट्झ (जर्मन, स्पर्धेची रायफल) निघेल, तीच घे, नाहीतर दोनदा खर्च करशील.

बजेट बायकोला सांगता येईल इतपत. नवशिक्याने काय बघावं? ब्रँडवरून भांडू नका, किंवा भांडा, मी वाचतो.

पेठी:
बायकोला सांगता येईल इतपत म्हणजे खरा आकडा की सांगायचा आकडा? दोन्हींत पुण्यात एक शून्याचा फरक असतो.

दहा_पूर्णांक_नऊ:
बाबू, तुमचे सर निम्मं बरोबर सांगतायत. थांबा हे बरोबर. अँशुट्झच घ्या, हे तुम्ही काय मारणार त्यावर ठरतं.

५० मीटरला झोपून मारणार (प्रोन) की गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून असं थ्री पोझिशन मारणार? की बाकावर रायफल टेकवून दुर्बीण लावून निवांत छिद्रावर छिद्र पाडत बसणार? तिन्हींना रायफल वेगळी लागते. थ्री पोझिशनला चीकपीस (गाल टेकायचा भाग), बट-प्लेट (खांद्याला टेकते ती), हाताचा आधार सगळं प्रत्येक पोझिशनला हलवावं लागतं. अँशुट्झ १९१३ किंवा वॉल्थर केके ५०० अशा रायफलींचे पैसे बहुतांशी त्या हलणाऱ्या भागांचे असतात. निव्वळ प्रोन मारायचं असेल तर लाकडी दस्त्याची जुनी १९०७ सुद्धा तुमच्यामाझ्यापेक्षा जास्त अचूक आहे, आयुष्यभर राहील. बाकावर मारायचं तर सीझेड उत्तम, उगाच नाकं मुरडू नयेत.

आणि १० मीटरला आलेल्या गुणांवरून ५० मीटरचा अंदाज बांधू नका. १० मीटरला दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर, छरा साडेचार मिमी. कड लागली तरी दहा, म्हणजे छऱ्याचं केंद्र ५ मिमीच्या वर्तुळात आलं की झालं. ५० मीटरला दहाचं वर्तुळ १०.४ मिमी, गोळी ५.६ मिमी, म्हणजे केंद्राला जागा १६ मिमी. ऐकायला मोठी वाटते. पण अंतर पाचपट आहे, १० मीटरवर आणून मोजली तर ती ३.२ मिमीच भरते. वर वारा फुकट. त्यामुळे पहिल्या महिन्यात गुण घसरले की रायफलीला शिव्या घालू नका.

जुना_कॅडेट:
आमच्या वेळी एनसीसीत ली-एन्फील्डच्या सांगाड्यावरची .२२ होती. एक गोळी भरायची, मारायची, परत बोल्ट ओढायचा. सुभेदार मेजर मागे उभे. लाल मातीत पालथं पडून २५ मीटरवर पाच गोळ्यांचं ग्रुपिंग, म्हणजे छिद्रं जितकी जवळजवळ तितकं चांगलं. दस्ता कुणाच्या मापाचा नव्हता, सगळ्यांच्या खांद्याला सारखाच लागायचा. तरी पोरं एका रुपयाच्या नाण्याखाली पाच छिद्रं झाकायची. तुम्ही लोक रायफल निवडण्यात जेवढा वेळ घालवता तेवढा श्वास धरण्यात घालवा.

खटका:
काका, आदर आहे, पण २५ मीटरवरचं नाणं ५० मीटरवर कपाखालची बशी होतं. बाबूंचा प्रश्न तिथला आहे.

माझं मत थोडं वेगळं. नवशिक्याने नळी बघूच नये, खटका आणि दस्ता बघावा. आज कुठल्याही नावाजलेल्या कंपनीची .२२ ची नळी नवख्या माणसापेक्षा चांगलीच मारते. फरक पडतो तो ट्रिगरमध्ये. मॅच रायफलीचा, म्हणजे स्पर्धेच्या रायफलीचा, ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा मोकळा येतो, मग भिंत लागते, तिथे थांबायचं, नेम बसला की जरासा दाब. तुम्ही एअर रायफलवर हेच शिकलायत. स्पोर्टिंग रायफलीचा ट्रिगर जड आणि एका टप्प्याचा असू शकतो. बोट वर्षभर जे शिकलं ते तिथे विसरायला लागतं आणि मग परत एअर रायफलवर आलात की बोट गोंधळतं. म्हणून देशी असो की परदेशी, विकत घेण्याआधी रिकाम्या चेंबरवर (काडतूस बसतं ती जागा), मालकाला विचारून, ट्रिगर ओढून बघाच.

मालकाला विचारून हे मुद्दाम म्हटलं. रिमफायर काडतुसात ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेला असतो, मधोमध नाही. फायरिंग पिन त्या कडेवर आपटते. काडतूस नसताना आपटली तर काही रायफलींत ती थेट चेंबरच्या तोंडावर बसते आणि तिथे खळगा पडतो. मग रिकामी पुंगळी नीट बाहेर येत नाही. एअर रायफलवाल्यांना दिवसभर ड्राय फायर (न भरता ट्रिगर ओढणं) करायची सवय असते, ती इथे जशीच्या तशी आणू नका. स्नॅप कॅप (सरावाचं नकली काडतूस) वापरा किंवा त्या मॉडेलच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते वाचा.

शेतावरचा:
आमची मुळशीच्या बाजूला थोडी जमीन आहे. घर नाही, माणूस नाही, मागे टेकडी. तिथे डबे लावून मारायला .२२ चांगली का? रानडुकरं पण येतात.

कलम_क्रमांक:
शेतावरचा, थांबा. टार्गेट प्रॅक्टिससाठी मिळालेला परवाना म्हणजे कुठेही डबे उडवायची मुभा नव्हे. सराव मंजूर रेंजवर. पीक वाचवण्यासाठीचा परवाना हा वेगळा विषय, त्याची कारणं आणि अटी वेगळ्या. शिकारीचं तर नावच काढू नका, रानडुक्कर असलं तरी १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, परवानगीशिवाय गोळी घातलीत तर तुम्हीच शिकार व्हाल.

आणि टेकडीवर भरवसा ठेवू नका. .२२ ची गोळी लहान दिसते, पण मोकळ्या कोनात गेली तर किलोमीटरभराच्याही पुढे जाऊ शकते. शिशाची मऊ गोळी दगडावरून उसळतेही. मुळशीत दगडाला तोटा नाही.

शेतावरचा:
बरं. रागावू नका, विचारलं फक्त.

पेठी:
रागावले नाहीत हो, ते नेहमीच कलम लावून बोलतात.

अनघा_दे:
माझी मुलगी डावखुरी आहे, म्हणून इथे डोकावतेय. बाबूंना एक सांगते, कारण कुणीच बोललं नाही. आधी तुमचा प्रभावी डोळा कोणता ते बघा. दोन्ही हात लांब करून अंगठा आणि तर्जनीत छोटी खिडकी करा, समोरचा दिवा दोन्ही डोळ्यांनी त्यात धरा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला दिवा खिडकीत राहतो तो प्रभावी. आमच्याकडे डावा हात आणि डावा डोळा जुळले, तेव्हा डाव्या हाताचा दस्ता लागणार हे ठरलं. आणि वापरलेली डावखुरी रायफल मिळणं म्हणजे लग्नाच्या मोसमात हॉल मिळण्यासारखं. ज्यांचा हात उजवा आणि डोळा डावा असतो त्यांना प्रशिक्षक बहुतेक वेळा डोळ्याच्या बाजूने मारायला लावतात, किंवा साइटला डोळा झाकणारी पट्टी लावतात. बाबू, तुम्ही एअर रायफलवर पट्टी लावता का? लावत असाल तर रायफल घेण्याआधी प्रशिक्षकांशी हा विषय काढा.

बाणेरबाबू:
अनघाताई, पट्टी लावतो! सगळे लावतात म्हणून मी पण लावली, का लावली ते विचारलंच नव्हतं. आत्ता बसल्या जागी दिव्याचा प्रयोग केला. उजवा हात, उजवा डोळा. हुश्श.

@दहा_पूर्णांक_नऊ, ते ३.२ मिमीचं गणित वाचून पोटात गोळा आला. पण काय मारायचं याचं उत्तर मला सुचलं, प्रोन. पाठीमुळे उभं राहणं नको, गुडघ्यावर बसलो तर उठवायला माणूस लागेल.

दहा_पूर्णांक_नऊ:
प्रोन ठरलं तर निम्मं काम झालं. काही लोक म्हणतील की ५० मीटर प्रोन ऑलिंपिकमधून गेलं. खरं आहे, पुरुषांचं प्रोन २०१६ च्या रिओनंतर काढलं. पण तुम्हाला रिओलाही जायचं नाही आणि लॉस एंजेलिसलाही. आपल्याकडे स्पर्धा होतात, रेंजवर मारणारे आहेत. आपल्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेत्या झाल्या त्या प्रोनमध्येच.

जुना_कॅडेट:
आणि स्वप्निल कुसाळे! १ ऑगस्ट २०२४, पॅरिस. पन्नास मीटर थ्री पोझिशन, कांस्य. पात्रता फेरीत सातवा होता पोरगा, फायनलला ४५१.४ गुण. राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी गाव, तेव्हा रेल्वेत टीसी. आमच्या सोसायटीत त्या दुपारी पहिल्यांदाच कुणीतरी नेमबाजी टीव्हीवर लावली.

रंकाळा:
मेडल कोल्हापूरचं, हे लिहून ठेवा. तेजस्विनी सावंत कोल्हापूर, राही सरनोबत कोल्हापूर. तुमचं फक्त भाड्याचं मैदान.

पेठी:
भाड्याचं नाही, बालेवाडीचं संकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलंय. कोल्हापूरकरांनी सराव आमच्याकडे करायचा आणि मिरवणूक तिकडे काढायची, चालायचंच. तांबडा-पांढरा पाठवा म्हणजे हिशेब मिटला.

खटका:
धागा पॅरिसला गेला. परत आणतो.

प्रोन ठरलं असेल तर सीझेड ४५२ बद्दल स्पष्ट सांगतो. चांगली रायफल. पण ती हलकी, तीन किलोच्या आसपास, दस्ता शिकाऱ्याच्या घडणीचा. प्रोनला स्लिंग (दंडाला अडकवायचा पट्टा) लावून डावा हात पुढे रोवायचा असतो, त्यासाठी दस्त्याखाली रेल (खाचेची पट्टी) आणि हँडस्टॉप (हात अडतो तो ठोकळा) लागतो. गाल नेमक्या उंचीवर टेकावा लागतो, म्हणजे डोळा पीप साइटच्या (मागच्या साइटच्या) बारीक छिद्रामागे आपोआप येतो. सीझेडवर हे सगळं करता येतं, पण प्रत्येक गोष्ट बाहेरून आणून बसवायची. साइट आयात, रेल बसवणारा कारागीर शोधा, गालाला फोमची पट्टी चिकटवा. शेवटी खर्च वापरलेल्या मॅच रायफलीच्या जवळ जातो आणि परत विकताना त्या फोमच्या पट्टीचे पैसे कुणी देत नाही. नियमाने रायफल आठ किलोपर्यंत चालते. थोडं वजन प्रोनला मदतच करतं, नाडीचे ठोके कमी दिसतात.

अँशुट्झमध्येही दोन घराणी समजून घ्या. ५४ ची मॅच अ‍ॅक्शन (बोल्ट बसतो तो रायफलीचा गाभा), १९०७ आणि १९१३ त्यावरच्या. ६४ ची अ‍ॅक्शन त्याहून हलकी आणि स्वस्त, क्लबच्या शिकाऊ रायफलींत बऱ्याचदा तीच असते. कुणी नुसतं "अँशुट्झ आहे" म्हणून ५४ च्या भावात ६४ गळ्यात मारत असेल तर नमस्कार करून निघा. प्रोन हौसेला ६४ सुद्धा पुरून उरते, फक्त भाव ६४ चा द्या.

मावळवारा:
मला हे सगळं पटत नाही. माणूस शनिवार-रविवारचा नेमबाज आहे, त्याला तुम्ही मॅच रायफल, जॅकेट, हँडस्टॉप, स्लिंग असा संसार मांडून देताय. माझ्याकडे देशी .२२ आहे. उघडी साइट. मी मजेसाठी मारतो. ग्रुप मोठा येतो, मग काय? बोल्ट ओढायचा, एक गोळी, बोल्ट ओढायचा, दुसरी गोळी, डोक्यातली ऑफिसची मीटिंग गायब. सुटे भाग देशात मिळतात, कागदपत्रांचा ताप कमी. मॅच रायफलवाला महिनाभर गोळ्यांच्या लॉट नंबरची (कुठल्या खेपेत बनल्या त्याची) चर्चा करत बसतो, तोवर माझ्या दोन पेट्या संपलेल्या असतात. हौस म्हणजे गुणतक्ता नव्हे.

दहा_पूर्णांक_नऊ:
मावळवारा, तुमची मजा तुमच्या जागी अगदी बरोबर. पण बाबूंनी लिहिलंय की एअर रायफल अळणी वाटायला लागली. ज्या माणसाला वर्षभरात १० मीटर अळणी वाटतं त्याला उघडी साइट सहा महिन्यांत अळणी वाटेल. काहींना आवाज पुरतो, काहींना दहा हवा असतो. बाबूंनी स्वतःलाच विचारावं.

मावळवारा:
हे मात्र मान्य. मला आवाज पुरतो.

बाणेरबाबू:
मला दहा हवा. आवाजही हवा. पण आत्ता माझ्या प्रश्नात "कोणती रायफल" होतं, आणि कुणीतरी गोळ्यांचा उल्लेख केला. गोळ्यांनी इतका फरक पडतो?

दहा_पूर्णांक_नऊ:
पडतो, आणि रायफलीआधी हाच विचार करायला हवा. .२२ चं काडतूस परत भरता येत नाही, कारखान्यातून जसं आलं तसंच. त्यामुळे तुमची अचूकता पेटीत बंद होऊन येते.

पहिली गोष्ट वेगाची. "हाय व्हेलॉसिटी" लिहिलेलं बघून हुरळू नका. मॅचच्या गोळ्या मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवतात. सेकंदाला साधारण ३२५-३३० मीटर, आवाज ३४० च्या आसपास. जी गोळी आवाजाहून वेगात निघते ती वाटेत आवाजाचा वेग ओलांडून खाली येते, तिथे तिला धक्का बसतो आणि विखुरते. गंमत म्हणजे .२२ मध्ये जास्त वेगाची गोळी आडव्या वाऱ्यात जास्त सरकते. सावकाश निघालेली कमी. ताशी पंधरा किलोमीटरचा आडवा वारा ५० मीटरला गोळी दोन-अडीच सेंटिमीटर ढकलतो, म्हणजे दहा सोडाच, आठच्या दारात. बालेवाडीला दुपारनंतर हा वारा कसा फिरतो ते माहीत असलेले लोक सकाळची पाळी का धरून बसतात, तेही यातच आलं.

दुसरी गोष्ट, प्रत्येक नळीची आवड वेगळी. एक नळी इलीच्या गोळ्या गोड मानून घेते, तिच्याच शेजारी बनलेली दुसरी लापुआ किंवा आरडब्ल्यूएस मागते. महाग गोळी म्हणजे तुमच्या नळीतून चांगली, असंही नाही. एसके स्टँडर्ड प्लस सारखी मधल्या भावाची गोळी नवख्याला भरपूर आहे. टेनेक्स किंवा आर ५० अशा महागड्या मॅच गोळ्यांवर पैसे उधळायची वेळ तेव्हा येते जेव्हा तुमचा स्वतःचा ग्रुप गोळीच्या ग्रुपपेक्षा लहान होतो. मी त्या वेळेची अजून वाट बघतोय.

एका गोळीवरून दुसरीवर गेलात की पहिल्या काही गोळ्यांवरून निष्कर्ष काढू नका. गोळीवरचं मेण नळीत बसायला थोड्या गोळ्या जाव्या लागतात.

अनघा_दे:
आणि एकदा गोळी जमली की लॉट नंबर बघून एकदम घ्या. स्वेटरसाठी लोकर घेताना आपण एकाच रंगलॉटचे गुंडे घेतो तसंच. नाव तेच, पेटी तीच, पण पुढच्या लॉटची गोळी जरा वेगळी मारते. आमच्या घरी पेट्यांवर मार्करने लॉट लिहायचं काम माझ्याकडे आहे.

कलम_क्रमांक:
एकदम घेताना परवान्यावरची मर्यादा बघूनच घ्या. किती गोळ्या एका वेळी जवळ ठेवता येतील आणि वर्षाला किती घेता येतील ते परवान्यावर लिहिलेलं असतं. नोंद असलेल्या खेळाडूंसाठी २०२० मध्ये गोळ्यांची मर्यादा बरीच वाढवली, पण ती तुम्हाला आपोआप लागू होत नाही.

आता बाबूंसाठी क्रम सांगतो, कारण इथे सगळे रायफलीपासून सुरुवात करतायत.

४.५ मिमीची, २० जूलच्या आतली एअर रायफल विनापरवाना चालते. .२२ ला ती सवलत नाही. ते अग्निशस्त्र. वय २१ पूर्ण हवं, ते तुम्ही आहात. शहरात पोलीस आयुक्तालय, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. बाणेर पुणे आयुक्तालयाखाली आहे की पिंपरी-चिंचवड, हे आपला पत्ता कुठल्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतो त्यावरून बघा, नाहीतर अर्ज एकीकडून दुसरीकडे फिरत राहतो. शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. क्लबचं सदस्यत्व, तुम्ही नियमित सराव करता याचं पत्र, स्पर्धेत उतरला असाल तर त्याची प्रमाणपत्रं जोडा. म्हणून म्हणतो, शेवटून पाचवे या, पण या. ते प्रमाणपत्र पेढ्यांपेक्षा उपयोगी.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, आधी तीन होती. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. घरात आजोबांची बारा बोर तुमच्या परवान्यावर पडून असेल तर ती मोजणीत येते.

वापरलेली मॅच रायफल घेणार असाल तर ती देशात कशी आली ते आधी विचारा. खेळाडूंना सवलतीने आयात केलेल्या रायफली कुणालाही विकता येत नाहीत, अटी असतात. "आधी रायफल घेऊन जा, कागद नंतर करू" म्हणणारा कितीही ओळखीचा असला तरी पाणीसुद्धा न पिता उठा. बयाणा देणं सुद्धा परवाना हातात आल्यावर.

पेठी:
निवडणुकीचं राहिलं. आचारसंहिता लागली की ठाण्यातून फोन, शस्त्र जमा करा. आमच्या ओळखीतल्या एकाला लोकसभा, विधानसभा, महापालिका असा दौरा घडला. त्याची रायफल त्याच्यापेक्षा जास्त मतदान बघून आलीय.

कलम_क्रमांक:
यात खेळाडूंना सूट मिळू शकते, पण संघटनेचं पत्र आणि अर्ज घेऊन वेळेत मागावी लागते. शेवटच्या दिवशी ठाण्यात जाऊन वाद घालू नये. तिथले लोक आधीच बंदोबस्ताने वैतागलेले असतात.

जुना_कॅडेट:
एक माहिती म्हणून. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली ती गणेश वासुदेव मावळणकरांच्या पुढाकाराने. लोकसभेचे पहिले सभापती. आजही मावळणकर स्पर्धा होते, राष्ट्रीयला जायची ती पायरी. मराठी माणसाने पेरलेलं झाड आहे हे, पण सध्याच्या पोरांना विचारलं तर मावळणकर म्हणजे फक्त एका मैदानाचं नाव वाटतं.

बाणेरबाबू:
मंडळी, एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. आत्तापर्यंत मला असं कळलं की प्रोन मारायचं, परवान्याचा अर्ज आधी टाकायचा, आणि तो येईपर्यंत क्लबच्या रायफलीवरच मारायचं. सीझेडवाल्या गृहस्थांना मी आज फोन करून नाही सांगितलं, त्यांना जरा वाईट वाटलं. पण एक राहिलं, चष्म्याचं काय? पीप साइटमध्ये कधी पुढच्या साइटचं रिंग धूसर, कधी लक्ष्याचा काळा गोल धूसर.

दहा_पूर्णांक_नऊ:
काळा गोल धूसरच राहू द्या. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट बघतो, आणि स्पष्ट दिसायला हवी ती पुढची साइट. मागच्या साइटचं बारीक छिद्र बाकीचं बरंच सावरून घेतं. चाळिशीच्या आसपास जवळचं धूसर व्हायला लागतं, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा की मला साधारण मीटरभर अंतरावरचं ठळक दिसायला हवं. ते लांबच्या नंबरात जरासा फरक करून देतात. नेमबाजीच्या चष्म्याची काच डोळ्यासमोर सरळ आणता येते. तुमच्या रोजच्या चष्म्यातून प्रोनला तुम्ही काचेच्या वरच्या कोपऱ्यातून बघता, तिथे नंबरच वेगळा लागतो. प्रोग्रेसिव्ह काच असेल तर विचारूच नका. हे रायफलीच्या मानाने फारच स्वस्तात होतं, ते आधी करा. कदाचित १० मीटरही अळणी वाटायचं थांबेल.

खटका:
+१. आणि क्लबच्या रायफलीवर मारताना प्रत्येक वेळी वहीत लिहा: बट-प्लेट कितव्या खुणेवर, हँडस्टॉप कुठे, गालाची उंची किती, गोळी कुठली. दोन-तीन महिन्यांनी तुमचं माप तयार असेल. मग वापरलेली रायफल बघायला जाताना ते माप घेऊन जा. ज्या रायफलीत ते बसत नाही ती कितीही नावाची असो, सोडा.

बघायला गेलात की बोल्ट काढून नळीत मागून उजेड बघा. चेंबरच्या तोंडाशी फायरिंग पिनचा खळगा आहे का, नळीच्या टोकाला ठोकर लागलीय का, ते नीट तपासा. पुण्यातल्या पावसाळ्यात रायफल फोमच्या पेटीत बंद ठेवली असेल तर दस्त्याखालच्या बाजूला गंज लपलेला असतो, दस्ता उघडून दाखवायला सांगा. मालक कुरकुर करत असेल तर उत्तर मिळालं. आणि घेतल्यावर नळी रोज घासत बसू नका. .२२ च्या नळ्या गोळ्यांनी झिजतात त्यापेक्षा जास्त चुकीच्या गजाने खराब होतात. चेंबरपुढे काजळी साचते तेवढी मधूनमधून काढा.

अनघा_दे:
आणि रेंजवरून आल्यावर हात साबणाने धुवूनच जेवणाच्या डब्याला हात लावा. शिसं असतं हाताला. कानाला संरक्षण, .२२ असली तरी. मुलांना हे सांगायला लागतं, मोठ्यांना जास्त सांगायला लागतं.

मावळवारा:
बाबू, रविवारी सकाळी रेंजवर असाल तर माझ्या देशीवर दहा गोळ्या मारून बघा, क्लबच्या परवानगीने, मी शेजारी उभा. निर्णय बदलणार नाही तुमचा, पण मजा बघून घ्या.

बाणेरबाबू:
येतो. चहा माझ्याकडून.

पेठी:
चहा म्हणजे अमृततुल्य की मशीनचा? हे आधी ठरवून घ्या, नंतर वाद नको.

शेतावरचा:
मी सगळं वाचलं. डब्यांचा विषय सोडला. पण विनापरवाना चालणारी एअर रायफल शिकायला घ्यायची असेल तर देशी प्रेसिहोल घेऊ की थेट परदेशी?

कलम_क्रमांक:
त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे हरवेल. आणि त्यात पहिल्याच ओळीत लिहा की रेंजवर मारणार आहात.